दोन बोटांचं माप

आबा, आज सकाळी दुकानात एक निवृत्त हेडमास्तर आले होते. रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं, आणि पुण्याच्या मुलाने लगोलग गिअरची सायकल नि सोबत एक झकपक हेल्मेट पाठवून दिलं. मास्तर मेहरूण तलावाला दोन फेऱ्या मारून घामाघूम होऊन आले, आणि ते हेल्मेट पार डोक्याच्या मागच्या अंगाला, लग्नात दमलेल्या व्याह्याचा फेटा कलंडतो तसं कलंडलेलं. खाली पांढरी टोपी तशीच. कपाळ सगळं उघडं. मला म्हणाले, "मागच्या चाकात हवा तेवढी बघा, बाकी सगळं ठीक आहे." मी म्हटलं, "सर, हवा नंतर. आधी सांगा, हे हेल्मेट आहे का चुंबळ? वर घागर ठेवायची आहे का?" ते मनापासून हसले. मग मी त्यांना स्टुलावर बसवलं, टोपी काढायला लावली, हेल्मेट पुढे ओढून भुवईच्या वर दोन बोटं टेकवली, कानाखाली पट्टे जुळवले आणि बक्कल न लावताच म्हटलं, "मान हलवा." हेल्मेट डुगडुगलं. मागची चकती आवळली. "आता हलवा." आता ते जागचं सरकलं नाही, कपाळाची कातडी तेवढी त्याच्याबरोबर वरखाली झाली. मास्तर आरशात बघत म्हणाले, "हे कुठे शिकलात हो?" "आमच्या आबांकडे." "तेही सायकलच्याच धंद्यात?" "नाही सर. ते बैलांच्या म्होरक्या करायचे." मास्तर शहरात वाढलेले. बैलाच्या तोंडावर चढवतात तो दोराचा नि चामड्याचा साज, ती म्होरकी, त्यांना हातवारे करून समजावून सांगावी लागली. मग त्यांचं लक्ष काचेच्या कपाटात टांगलेल्या तुमच्या टोपाकडे गेलं आणि त्यांनी विचारलं, "आणि तो कसला?" मी त्यांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, एक गोष्ट सोडून. ती आजवर कोणालाच सांगितलेली नाही. ती तुम्हालाच सांगायची, म्हणून दुपारी गिऱ्हाईक कमी असतं त्या वेळेला वही घेऊन बसलो आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पुढचं सगळं दुकानात येणाऱ्या रद्दीतून वाचून झालेलं. अक्षराला हसू नका.

असोद्याच्या घराचा ओटा आठवतो. पोळा तीन आठवड्यांवर आला की ओट्यावर माणसांची रांग आणि ओट्याखाली बैलांची. शेती आपली बेताची, पण म्होरकी बांधावी तर तुम्हीच, असं आसपासच्या गावांतही म्हणायचे. तुम्ही बैलाच्या कपाळावरून सुती दोरा फिरवायचा, गाठ मारायची, आणि तो दोरा भिंतीवरच्या खुंटीला टांगायचा. प्रत्येक बैलाचा दोरा वेगळा. कोणाचा कोणता, ते फक्त तुम्हाला ठाऊक. एकदा एक शेतकरी कुरकुरला, "आबा, मागच्या साली माप घेतलं व्हतं ना, पुन्हा कशाले घेता? बैल काय बदलून आनला मी?" तुम्ही दोरा फिरवता फिरवता म्हणालात, "जनावर तेच, पन माप तेच न्हाई. उन्हायाभर राबला, गयाला. पावसायात चारा खाईसन भरला. तू बी गेल्या साली एवढा फुगेल नव्हता." सगळा ओटा हसला. म्होरकी चढवल्यावर तुम्ही जबड्याखाली दोन बोटं घालून बघायचात, पट्टा कानाच्या खालून जातो की कानावर चढतो ते बघायचात, आणि शेवटी कपाळावरची पट्टी धरून हलवायचात. पट्टीबरोबर बैलाची कातडी हलली तर म्होरकी बसली. पट्टी नुसतीच कातडीवरून घसरली तर खोला, पुन्हा बांधा. गाठ सगळ्यात शेवटी. "गाठीच्या जिवावर बसवलेली चीज बसत न्हाई, लोंबते," हे तुमचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मला वाटायचं ते बैलांपुरतंच आहे.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार असेल. मी तिशीला आलेलो, जळगावात सायकलचं दुकान टाकून चार वर्षं झालेली, रोज असोद्याहून सायकलनेच ये-जा, आणि डोक्यात शर्यतीचं वेड. त्या हिवाळ्यात जळगाव ते धुळे अशी सायकल शर्यत ठरली. त्यात नवीनच अट घातली होती : प्रत्येकाच्या डोक्याला काहीतरी संरक्षण हवं. सायकलवर डोक्याला काही घालायचं, हेच आपल्याकडे कोणी ऐकलेलं नव्हतं. सायकलचं हेल्मेट जळगावात कुठल्याच दुकानात मिळेना. मी एका मित्राचं मोटारसायकलचं हेल्मेट उसनं आणलं. ते माझ्या डोक्यावर म्हणजे रांजणात लिंबू. म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि तसाच घरी आलो. तुम्ही ओट्यावर बसला होता. वर पाहिलंत आणि मायला हाक मारलीत, "बाहेर ये वं, पाह्य, आपल्या वावरातलं बुजगावनं सायकलवर बसून घरी आलं." माय दारात येऊन पदर तोंडाला लावून हसली. मी चिडलो. म्हटलं, "आबा, नेम आहे शर्यतीचा, काहीतरी घालावंच लागेल." मग मात्र तुमचं हसू थांबलं. तुम्ही उठलात, माझ्या डोक्यावरचं ते धूड दोन्ही हातांत धरून गर्रकन फिरवलंत. ते फिरलं, डोकं जागीच राहिलं. माझ्या डोळ्यांसमोर अंधार, नाकात वर्तमानपत्राची शाई. आतून तुमचा आवाज ऐकू आला, "नेमासाठी घालतो का डोक्यासाठी? कागद कोंबून डोकं राखलं जात न्हाई. कल्हईनं भोक बुजतं का कधी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला त्याच ओट्यावर, बैल उभा करायचात त्या जागी बसवलंत. डोक्याभोवती दोरा फिरवला, गाठ मारली आणि खुंटीवर टांगला. पांढऱ्याचा दोरा, तांबड्याचा दोरा आणि शेजारी माझा. माझे केस त्या काळच्या फॅशनप्रमाणे कानांवरून खाली आलेले, दाट, तुमच्या मते बाभळीचं झुडूप. "हे झुडूप काढतो का ठेवतो?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "ठेवणार." "मंग झुडपासगट माप घेतो." आठ दिवस तुम्ही त्या टोपावर खपलात. मऊ चामड्याच्या पट्ट्या, आत घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो नमदा, आणि नमद्याच्या आत आपल्याच वावरातला कापूस. कपाळावरून एक आडवी पट्टी, तिच्यातून मागे जाणाऱ्या चार, कानाखालून येणारे दोन पट्टे आणि हनुवटीला बक्कल. चष्म्याची काडी मोडली होती तुमची, दोऱ्याने कानाला बांधून शिवायचात, त्यामुळे पुढच्या पट्टीवरचे चार टाके वाकडे पडले. "राहू दे, वेळ मियाला की उसवून सरये करतो," म्हणालात. मी विचारलं, "आबा, एवढं घट्ट कशाला? आत मऊ आहे ना, थोडं सैल चालेल." तेव्हा तुम्ही रस्त्यावरून जाणाऱ्या केळीच्या ट्रककडे बोट दाखवलंत. "त्या घडायखाली वायलेली पानं अंथरता. पानं मऊच असता. तरी जयगावहून निंघालेला घड कधी काया पडतो? रस्त्यानं न्हाई पडत. घडाले हालाले मोकयी जागा सोडली, म्हनून पडतो. आत मऊ असून काय उपेग, बसला न्हाई तं?" आबा, नंतर मी कितीतरी माहितीपत्रकं वाचली, इंग्रजी चित्रांवरून अर्थ लावले. हेल्मेट बसलं पाहिजे, हे याहून नीट कोणी सांगितलेलं मला अजून सापडलेलं नाही.

तो टोप घालून मी दीड महिना सराव केला. असोदा ते जळगाव रस्त्यावर लोक ओरडायचे, "बैल चालला, बैल चालला!" तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "त्यायले म्हना, बैलानं कमावलेलं खाता ना?" आणि मग मार्गशीर्षात, वावरातून येऊन पाय धुता धुता, तुमच्या छातीत कळ आली. एवढंच. जळगावला नेईपर्यंतही तुम्ही थांबला नाहीत. दहाव्या दिवशी मी ओढ्याकाठी न्हाव्यापुढे बसलो, आणि ते झुडूप, ज्याच्यावरून तुम्ही महिनाभर मला टोचलं होतं, ते पाण्याकडेला पडलं. घरी आलो तर मायने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "केवढंसं झालं रे डोकं." ते वाक्य लक्षात ठेवा आबा. मीच ठेवलं नाही.

तेरावा झाला, शर्यत नऊ दिवसांवर. लोक म्हणाले, यंदा राहू दे. माय म्हणाली, "जाय. त्यायनं आठ दिवस डोये फोडले त्या टोपासाठी." शर्यतीच्या सकाळी जळगावात थंडी मी म्हणत होती. धुळ्याचा माझा एक दोस्त होता, पेशाने दूधवाला, पायांत घोड्याची ताकद आणि तोंडाला कुलूप नाही. टोप बघून आपल्या अहिराणीत म्हणाला, "हाई काय शे रे भाऊ? बैलनी म्होरकी डोकावर कसाले बांधी लयी?" मी सांगितलं, आबांनी केला. तो जवळ आला, टोपाला हात लावून बघितला. "भाऊ, हाई हालस. आतमा फडकाना तुकडा टाक." मी त्याचा हात बाजूला केला. म्हटलं, "आबांनी बसवलेला आहे, हात नको लावू." तो म्हणाला, "आबानी बसाडा तवय तुना डोकावर केसे व्हतात ना!" मी बक्कल एक घर आवळलं आणि सायकलवर टांग टाकली. गाठीच्या जिवावर. पाळधी, एरंडोल, पारोळा, समोरून वारा, पण मी पहिल्या दहांत होतो, आणि खरं सांगायचं तर सुखात होतो. फागण्याच्या अलीकडे मागून एक ट्रक भोंगा वाजवत आला, मी कडेला झालो, पुढचं चाक डांबरावरून खाली मुरुमात उतरलं, आणि परत वर घेताना डांबराच्या कडेला अडकून सायकल आडवी झाली. पडलो ते मला आठवतं. टोप कपाळावरून वर सरकला तेही आठवतं, रिकाम्या हंडीसारखा अलगद, आणि मग कपाळ खडीवर.

धुळ्याच्या दवाखान्यात कपाळाला नऊ टाके पडले. तुमच्या टाक्यांपेक्षा सरळ होते. शुद्ध गेली नव्हती, डोकं फुटलं नव्हतं, डॉक्टर म्हणाले नशीबवान आहात. दोस्त आपली शर्यत सोडून माझ्याबरोबर आला होता. खाटेशेजारी बसून हळूच म्हणाला, "भाऊ, मी पाहं. टोप तं मानवर जायेल व्हता. कपाय बठ्ठं उघडं व्हतं." तेवढ्यात माय एस.टी.ने धुळ्याला पोचली होती, ती दारातून आत आली. अजून महिना झाला नव्हता तुम्हाला जाऊन. तिने माझ्याकडे बघण्याआधी खाटेच्या कडेला लटकवलेला टोप पाहिला, तो उचलून छातीशी धरला आणि म्हणाली, "तुझ्या बापानं वाचवलं तुले. मेल्यावर बी वाचवलं." दोस्ताने माझ्याकडे बघितलं. मी त्याला डोळ्याने गप्प केलं आणि म्हटलं, "हो माय. आबांनीच वाचवलं." आता तुम्हीच सांगा, तिच्या हातून तो टोप मी कसा काढून घेणार होतो?

पण लबाडी म्हणजे गाजरगवत, एकदा उगवलं की बांध ओलांडतं. घरी आल्यावर मायने टोप देवघरात ठेवला. असोद्यात कर्णोपकर्णी झालं, बायका बघायला यायच्या. पुढे मी तो दुकानात आणून टांगला, तर शर्यतीला जाणारे लोक उसना मागू लागले. "भाऊ, आबांचा टोप द्या ना एक दिवस, पावतो म्हणतात." आणि मी द्यायचो, आबा. माझ्या केसांसकट माझ्या डोक्याचं माप, तेही मला बसेनासं झालेलं, आणि तो टोप मी दुसऱ्याच्या डोक्यावर चढवून पाठीवर थाप मारत होतो. एकाने तो टोपीवर घातला. एकाला इतका लहान होता की टाळूवर वाटीसारखा बसला. तुम्ही असता तर एका बैलाची म्होरकी दुसऱ्याला बांधणाऱ्याच्या हातातून दावं काढून घेतलं असतं. कोणी पडलं नाही, हे माझं पुण्य नव्हे. देवाने माझ्या मूर्खपणाकडे काणाडोळा केला.

सात-आठ वर्षं अशी गेली. माझी पोरगी, तुम्ही होता तेव्हा आठ वर्षांची, तुमच्या खांद्यावर बसून पोळा बघायची ती, कॉलेजला गेली आणि तिने माझंच वेड घेतलं. तोवर सायकलचं खरं हेल्मेट यायला लागलं होतं, आत थर्माकोलसारखं, वजनाला हलकं. मी मुंबईहून एक मागवलं. तिची धुळ्याला कॉलेजांची शर्यत होती. निघायच्या सकाळी मी ओट्याशी सायकलची साखळी बघत होतो आणि वर ओट्यावर माय तिच्या डोक्यावर तुमचा टोप बांधत होती. मला न सांगता दुकानातून आणवून घेतला होता. पोरगी म्हणत होती, "आजी, बाबांनी नवीन आणलंय ना." माय म्हणाली, "ते थर्माकोल? फ्रिजच्या खोक्यात येतं ते? तुझ्या आजोबाचा हात हाये याच्यात. तुझ्या बापाले मरनाच्या दारातून आनलं यानं. गुमान उभी राह्य." अंबाड्यावर टोप तिरपा झालेला, आतला कापूस गोळा झालेला, चामडं कडक. आणि पोरगी माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "जाऊ दे बाबा, हाच घालते. याने तुम्हाला वाचवलं, मलाही वाचवेल."

आबा, माझे हात ग्रीसने काळे होते. चार शब्दांत खोटं बोललो होतो धुळ्याच्या खाटेवर, ते आता माझ्या पोरीच्या डोक्यावर बसायला आलं होतं. मी हात पुसले, ओट्यावर गेलो. भांडलो नाही. तुमच्याच पद्धतीने गेलो. बक्कल सोडलं आणि म्हटलं, "बेटा, मान हलव." तिने हलवली. टोप उडाला आणि मायच्या ओटीत पडला. माय म्हणाली, "तिचं डोकं ल्हान हाये. गाठ मारली की बसीन." मी टोप उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर घातला. केस तोवर बरेच उतरले होते माझे. पट्टी धरून मागे ढकलली, तर कपाळावरून सरळ मानेवर गेला. बक्कल लावलेलं होतं तरी गेला. माझ्या कपाळावरची नऊ टाक्यांची रेघ मायसमोर उघडी. ती बैलांच्या घरात नांदलेली बाई, तिला बसलेलं आणि लोंबणारं कळत होतं. तिने रेघ पाहिली, टोप पाहिला. मग म्हणाली, "तव्हा बी असाच गेला का रे, मानेवर?" मी म्हटलं, "हो." "म्हंजे खडी लागली, तव्हा टोप कपायावर नव्हता." "नव्हता." "मंग तुले वाचवलं कोनं?" "नशिबानं, माय. आबांनी केसांसकट माप घेतलं होतं. मी केस गेल्यावर माप घेतलं नाही." पोरगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. माय म्हणाली, "तुले माहीत व्हतं, ढिला हाये म्हनून?" मी म्हटलं, "नाही गं."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. टोप तिने पदराने पुसला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "दुकानात टांगून दे, पन कोनाच्या डोक्याले लावू नको. आनि त्यायनं तुले जे सांगतलं व्हतं ते पोरीले सांग. ते काही ढिलं झालेलं न्हाई." मग स्वतःच आत गेली, सुती दोरा घेऊन आली आणि पोरीला बैल उभे राहायचे त्या जागी बसवलं. मी माप घेतलं. अंबाडा सोडून खाली मानेशी वेणी घालायला लावली, नवीन हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटांवर आणलं, कानाखाली पट्टे जुळवले, मागून आवळलं, कातडी हलते का बघितलं, बक्कल सगळ्यात शेवटी. पोरगी म्हणाली, "बाबा, मी बैल आहे का?" माय म्हणाली, "बैलाले एवढं बोलता येत न्हाई." पोरीचा दोरा तिने माझ्या दोऱ्याशेजारी खुंटीवर टांगला. शर्यतीत पोरगी पाचवी आली. पडली नाही. हेल्मेटची परीक्षाच झाली नाही, आणि कोणी काही म्हणो, हेल्मेटचं मला सगळ्यात आवडणारं काम तेच.

त्या दिवसापासून माझ्या दुकानातून एकही हेल्मेट न बसवता गेलेलं नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तरी स्टुलावर बसवतो. टोपी काढा, अंबाडा खाली घ्या, गॉगल नंतर. कोणाच्या घरी सुतक झालेलं असेल, डोकं तुळतुळीत दिसलं, तर मी विचारत नाही, माप पुन्हा घेतो. केस वाढले की परत या म्हणतो. एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही नवं दिसलं तरी फेकायला लावतो. आतलं थर्माकोल स्वतः चेपून घेतं आणि डोकं राखतं, पण ते एकदाच. तुमचा टोप तसा नव्हता. खरं बोलायचं तर तो नीट बसला असता तरी कातडं राखलं असतं, जोराच्या माराला हाड राखलं असतंच असं नाही. तुम्हाला राग येणार नाही हे सांगितल्याचा, कारण तुम्ही केळीच्या घडाचं जे बोललात ते चामड्यालाही लागू आहे आणि थर्माकोललाही. फक्त एका ठिकाणी मी तुमचं माप बदललं. हनुवटीखाली तुम्ही दोन बोटं सोडायचात. एक तर तुमची बोटं माझ्या अंगठ्याएवढी जाड, आणि दुसरं, बैलाला रवंथ करायचं असतं. सायकलवाल्याला तेवढं तोंड हलवायचं नसतं. म्हणून मी हनुवटीखाली एकच बोट ठेवतो. लोकांना मात्र आबांचंच माप म्हणून सांगतो.

आता ती राहिलेली गोष्ट. ओट्यावर मायने विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. माय ते खरं धरूनच गेली. आबा, मला माहीत होतं. शर्यतीच्या आदल्या दुपारी दुकानात मी टोप घातला, बक्कल उघडं ठेवलं आणि मान हलवली, तुम्ही शिकवलं होतं तशीच. टोप नाकावर आला. दोस्ताने दुसऱ्या दिवशी काही नवीन सांगितलं नव्हतं. समोर नमद्याचा तुकडा होता, आरी होती, मेण लावलेला दोरा होता, दहा मिनिटांचं काम. पण आत नमदा घालायला पुढची पट्टी उसवावी लागली असती, आणि ते चार वाकडे टाके तिथेच होते. तुम्ही ते उसवून सरळ करणार होता. मी आरी दोनदा टेकवली आणि दोन्ही वेळा उचलून घेतली. तीन आठवडे झाले होते फक्त.

आत्ता हे लिहिता लिहिता कपाट उघडून टोप काढला. या पत्राची पहिली पानं वहीतून फाडून त्यांची चौघडी घातली, तर ती पट्टी न उसवता कपाळाशी नेमकी मावतात. घालून बघितला, मान हलवली, जागचा हलला नाही. कागद कोंबून डोकं राखलं जात नाही, ठाऊक आहे मला, आणि आता या वयात मी कुठे शर्यतीला जातो आहे. उरलेली पानंही तिथेच घालणार आहे. पाच वाजता गिऱ्हाईक येईल, तोवर दुकानात दुसरं कोणी नाही, आणि टोप माझ्या डोक्यावर आहे.